तिसऱ्या टप्प्यात काय झालं, ते आम्हालाही कळू द्या

मा. अध्यक्ष,
भारतीय अंतराळ संशोधन संघटना, तथा सचिव, अंतराळ विभाग,
बेंगळुरू यांस,

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवते. बावीस वर्षं झाली. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्या मुलांमुळं ते लिहावंसं वाटलं ती मराठीत प्रश्न विचारतात आणि त्यांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे. इंग्रजी भाषांतर आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर वेगळं पाठवलं आहे.

सोमवारी, 12 जानेवारी 2026 ला, सकाळी दहाच्या आधीच आमच्या सभागृहात साठेक मुलंमुली जमली होती. उपग्रह नेणारं आपलं पीएसएलव्ही-सी62 हे यान श्रीहरिकोट्याहून निघणार होतं. मे महिन्यातल्या अपयशानंतरचं पीएसएलव्हीचं हे पहिलंच उड्डाण, म्हणून मुलांना मुद्दाम बोलावलं होतं. पहिला टप्पा सुटला, टाळ्या. दुसरा सुटला, टाळ्या. तिसरा पेटला तेव्हा मी स्वतः खुर्चीच्या कडेवर आले होते. मग निवेदनाचा सूर बदलला, पडद्यावरचे चेहरे गंभीर झाले, आणि थोड्या वेळानं आपण स्वतः समोर येऊन सांगितलंत की तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीस यान स्वतःभोवती वळण्याच्या गतीत बिघाड दिसला आणि ते ठरलेल्या मार्गावरून ढळलं. अन्वेषा हा मुख्य उपग्रह आणि त्याच्यासोबतचे पंधरा सहप्रवासी उपग्रह गेले.

सभागृहात कुणी बोलत नव्हतं. मग दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मॅडम, मागच्या वेळीपण तिसराच टप्पा होता ना? मग तेव्हाचं कारण काय निघालं होतं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. शिक्षिकेकडं एखाद्या प्रश्नाचं उत्तर नसणं यात काही विशेष नाही, मी मुलांना तसं सांगते आणि दुसऱ्या दिवशी शोधून आणते. पण हे शोधूनही मिळणार नव्हतं. पीएसएलव्ही-सी61 रविवारी, 18 मे 2025 ला पहाटे उडालं. ईओएस-09 हा रडार उपग्रह त्यात होता. तिसऱ्या टप्प्याच्या मोटरमधला दाब घसरल्याचं आपण त्याच दिवशी सांगितलंत. त्यानंतर बिघाडाच्या विश्लेषणासाठी समिती बसली, तिनं काम केलं, अहवाल दिला. सी62 उडालं त्या सकाळपर्यंत तो अहवाल, किंवा त्याचा सारांशसुद्धा, लोकांसमोर आलेला नव्हता. आठ महिन्यांत तोच टप्पा दुसऱ्यांदा दगा देतो आणि पहिल्या वेळी नेमकं काय झालं होतं हे देशातल्या कुठल्याही अभियांत्रिकीच्या वर्गाला सांगता येत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

माझी विनंती एवढीच आहे की सी61 आणि सी62 या दोन्ही उड्डाणांच्या बिघाडाचे अहवाल प्रसिद्ध करावेत.

ही तक्रार अपयशाबद्दल नाही, हे आधीच सांगते. पीएसएलव्हीची 64 उड्डाणं झाली. 1993 मधलं पहिलं फसलं. त्यानंतर या यानानं चांद्रयान-1 नेलं, मंगळयान नेलं, 2017 मध्ये एका उड्डाणात 104 उपग्रह सोडले, आदित्य-एल1 नेलं. 22 जून 2016 ला सी34 नं पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला 'स्वयम्' उपग्रह नेला, जेमतेम किलोभर वजनाचा. त्या वर्षी आमच्याकडच्या मुलांना मी तो दाखवला होता आणि म्हटलं होतं, बघा, तुमच्यापेक्षा चार-दोन वर्षांनी मोठी मुलं आहेत ही. या यानाबद्दल मला जे वाटतं त्याला माया हाच शब्द आहे. माझ्या वर्गात भिंतीवर त्याचं चित्र आहे, कडा पिवळ्या पडल्या तरी मी ते बदललेलं नाही.

आणि तिसऱ्या टप्प्याशी मराठी माणसाचं एक वेगळं नातंही आहे. त्यात सात-साडेसात टन घन इंधन असतं, एचटीपीबी या बहुवारिकाच्या, म्हणजे रबरासारख्या पॉलिमरच्या, आधारानं घट्ट केलेलं. घन इंधनाचं हे शास्त्र भारतात उभं करणाऱ्यांमध्ये पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागी होते. बाहेरून तयार कृती मिळणार नव्हती. रसायनं, साचे, मिश्रणाच्या घाण्या, चाचण्यांचे कट्टे, सगळं या मंडळींनी शून्यातून उभं केलं, आणि पुढं गोवारीकर तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालकही झाले. आजही पीएसएलव्हीच्या पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात तेच घन इंधन जळतं. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात या यानाच्या मोटरांची कवचं घडली आहेत, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात दुसऱ्या टप्प्याची विकास इंजिनं बनली आहेत. म्हणजे हे यान आमच्या लोकांच्या हातून गेलेलं आहे, आणि ते का पडलं हे विचारताना मी परक्या घरात डोकावते आहे असं मला वाटत नाही.

घन इंधनाची मोटर मुलांना शिकवताना मी भुईनळ्यापासून सुरुवात करते. एकदा पेटवला की विझवता येत नाही, कमी-जास्त करता येत नाही. दारू जळते, वायू तयार होतात, कुंडीत दाब वाढतो आणि वरच्या अरुंद तोंडातून तो झोत बाहेर पडतो. आता कुंडीला बाजूनं तडा असेल, किंवा तोंडच जळून रुंद झालं असेल, तर आतला दाब पडतो आणि झोत बसतो. रॉकेटच्या मोटरचंही मूळ हेच. आतला दाब घसरला म्हणजे वायू नको तिथून निसटला, किंवा नॉझलचा, म्हणजे झोताच्या तोंडाचा, गळा झिजून मोठा झाला, किंवा इंधनाचा जळणारा पृष्ठभाग अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला. वायू एका बाजूनं निसटला तर तो यानाला ढकलतोही, आणि यान गोल फिरू लागतं. इथवर मी शिकवू शकते, कारण हे पाठ्यपुस्तकात आहे. सी61 मध्ये यातलं कोणतं घडलं आणि सी62 मध्ये तेच पुन्हा घडलं की दुसरंच काही, हे पुस्तकात नाही. ते आपल्याकडं आहे.

मुलं अंदाज बांधतात. एकानं नॉझल म्हटलं, एकानं जोडाची सील. मी दोघांनाही थांबवलं, कारण पुराव्याशिवाय बिघाडाचं कारण सांगायचं नाही हा माझ्या वर्गातला पहिला नियम आहे. पण मग मोबाइलवर जे व्हिडिओ त्यांनी मला दाखवले त्यात हा नियम कुणीच पाळलेला नव्हता. घातपात, परदेशी हात, कुणाला तरी वाचवण्यासाठी दडपलेलं सत्य, काय काय होतं त्यात. हे सगळं खोटं आहे असं मी मुलांना सांगू शकते, पण खरं काय ते सांगू शकत नाही, आणि खरं काय ते माहीत नसलेल्या माणसानं खोटं खोडून काढलं तर सतरा वर्षांच्या मुलांना ते पटत नाही.

अध्यक्ष महोदय, आपली संस्था अशी नव्हती. ही गोष्ट मी बाहेरून ऐकून सांगत नाही, आपल्याच नोंदींतून सांगते.

10 ऑगस्ट 1979 ला एसएलव्ही-3 हे आपलं उपग्रह नेणारं पहिलं यान पहिल्यांदा उडालं आणि 317 सेकंदांनी बंगालच्या उपसागरात कोसळलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतल्या एका झडपेतून नायट्रिक आम्ल गळून गेलं होतं. तेव्हाचे इस्रोचे अध्यक्ष सतीश धवनांनी पत्रकारांसमोर जबाबदारी स्वतःवर घेतली आणि प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांना मागं ठेवलं, हा प्रसंग आपण सगळे शाळांमधून सांगतो. मला त्या प्रसंगात धवनांच्या मोठेपणाइतकीच ती झडपही महत्त्वाची वाटते. शेहेचाळीस वर्षांनंतर सांगली जिल्ह्यातल्या एका वर्गात ती झडप माहीत आहे.

2010 च्या नाताळच्या दिवशी जीएसएलव्ही-एफ06 उडालं आणि मिनिटभरातच नष्ट करावं लागलं. क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाच्या, टप्प्याच्या तळाशी असलेले जोडणीचे कनेक्टर वेळेआधी सुटले होते, त्यामुळं वरच्या संगणकाच्या आज्ञा खाली पोचतच नव्हत्या. हे इस्रोनं जाहीर केलं. 12 ऑगस्ट 2021 ला जीएसएलव्ही-एफ10 मध्ये क्रायोजेनिक इंजिन पेटलं नाही. द्रव हायड्रोजनच्या टाकीवरच्या एका झडपेचं मऊ सील खराब झालं होतं आणि टाकीत लागतो तेवढा दाब टिकला नव्हता. हेही इस्रोनंच सांगितलं. द्रव हायड्रोजनचं तापमान, त्या थंडीत रबरासारख्या पदार्थांचं काय होतं, झडप बंद असूनही कशी झिरपू शकते, असा पूर्ण तास मी त्यावर घेते. आपलं स्वतःचं आयुष्य क्रायोजेनिक इंजिनांवर गेलं आहे, तेव्हा यातलं मर्म मी आपल्याला काय सांगणार.

पण माझा सगळ्यात आवडता तास एसएसएलव्हीचा आहे.

7 ऑगस्ट 2022 ला एसएसएलव्ही हे लहान उपग्रहांसाठीचं यान पहिल्यांदा उडालं. तिन्ही घन टप्पे ठीक जळले आणि तरीही उपग्रह वर टिकले नाहीत. 356 किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ते अशा लंबगोल कक्षेत गेले जिचं खालचं टोक जमिनीपासून 76 किलोमीटरवर होतं, म्हणजे दाट हवेत. त्यात देशभरातल्या सरकारी शाळांतल्या 750 मुलींनी मिळून केलेला 'आझादीसॅट' होता. इस्रोनं पुढं जे निवेदन प्रसिद्ध केलं ते मी छापून घेतलं, आणि गेली तीन वर्षं ते वर्गात वाचते. दुसरा टप्पा वेगळा होताना उपकरणांच्या तबकडीला क्षणभर अपेक्षेपेक्षा जोरात कंप बसला. त्या कंपानं त्वरण मोजणारे सहाच्या सहा संवेदक आपापल्या मर्यादेला जाऊन भिडले. संगणकाला वाटलं, सहाही बिघडले. त्यानं त्यांच्यावरचा विश्वास काढून घेतला आणि आंधळ्यानं काठी टेकत जावं तसं यान एका राखीव पद्धतीनं पुढं नेलं. संवेदक बिघडलेले नव्हतेच. काही क्षण वाट पाहिली असती तर ते पुन्हा नीट मोजू लागले असते.

मुलांना मी इथं थांबवते आणि विचारते, चूक कुणाची? कुणी म्हणतं संवेदकाची, कुणी म्हणतं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची, कुणी म्हणतं टप्पा सोडवणाऱ्या यंत्रणेची. अर्धा तास वाद चालतो. मग हळूहळू त्यांच्या लक्षात येतं की प्रत्येक भाग आपापल्या जागी बरोबर होता आणि भागांच्या मधल्या जागेत बिघाड होता. जमिनीवरच्या चाचणीत जो कंप मोजला होता आणि वर जो बसला त्यांत फरक होता. मग मी त्यांना निवेदनाचं पुढचं पान दाखवते: टप्पा सोडवण्याची यंत्रणा बदलली, संवेदक बिघडला असं ठरवण्याआधी थांबण्याची वेळ वाढवली. आणि 10 फेब्रुवारी 2023 ला एसएसएलव्ही-डी2 यशस्वी झालं, 'आझादीसॅट-2' सह. बावीस वर्षांत माझ्या हाती शिकवायला याहून चांगलं काही आलेलं नाही. आधी मी युरोपच्या एरियान-5 चं उदाहरण द्यायची. 4 जून 1996 ला ते पहिल्याच उड्डाणात 37 सेकंदांत फुटलं, कारण एक मोठी संख्या लहान जागेत बसवायला गेली आणि संगणक कोलमडला. चौकशी मंडळाचा अहवाल दीड महिन्याच्या आत जगासमोर आला आणि आजही तो जगभर शिकवला जातो. पण मुलं दरवर्षी विचारायची, मॅडम, आपल्याकडचं उदाहरण नाही का? 2022 नंतर तो प्रश्न बंद झाला, आणि तो आपल्या संस्थेनं बंद केला.

म्हणूनच सी61 च्या बाबतीतलं मौन मला जास्त खुपतं. ज्यानं कधीच काही सांगितलं नाही त्याच्याकडून अपेक्षाही नसते.

चांद्रयान-2 चंही असंच थोडं झालं होतं. 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे विक्रम लँडर चंद्रावर आदळला. संसदेत थोडक्यात उत्तर मिळालं, की उतरण्याच्या एका टप्प्यात वेग ठरल्यापेक्षा जास्त कमी झाला. त्या बिघाडाची कारणं शोधणाऱ्या राष्ट्रीय समितीचं नेतृत्व आपणच केलं होतंत. पण सविस्तर कारणं लोकांना कळली ती जवळपास चार वर्षांनी, चांद्रयान-3 उडण्याच्या सुमाराला, तत्कालीन अध्यक्ष डॉ. सोमनाथ यांच्या तोंडून: पाच इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला, चुका साठत गेल्या, यानाला वळायला लागणारा वेग पुरेसा नव्हता आणि उतरायची जागा 500 मीटर बाय 500 मीटर इतकी लहान होती. त्यांनी हेही सांगितलं की या वेळी आराखडा काय काय बिघडू शकतं यावरून केला आहे आणि उतरण्याचा टापू चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटर केला आहे. 23 ऑगस्ट 2023 ला आमच्या सभागृहात मुलं बाकांवर चढून नाचली. अपयशाचं ते स्पष्टीकरण आधी ऐकलेलं असल्यामुळं त्या संध्याकाळी लँडर खाली येत असताना वेगाचा आकडा का बघायचा हे त्यांना कळत होतं.

आता एका माणसाबद्दल सांगते.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तिथं अनेक गिऱ्हाइकांची कामं होतात, त्यांत काही सुटे भाग अंतराळ कार्यक्रमासाठी जातात. 12 तारखेच्या रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला. एरवी तो गणपतीला आणि गुरुपौर्णिमेला फोन करतो. आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मॅडम, आमचा जॉब तर नसेल ना?" त्याच्या कारखान्यातला भाग कोणत्या यानात, कोणत्या टप्प्यात गेला हे त्याला माहीत नाही, ते त्याला कुणी सांगत नाही आणि सांगूही नये. पण तपासणीच्या कागदावर सही त्याची असते. मे महिन्यापासून तो त्या सह्या आठवत होता. मी त्याला म्हटलं, अरे, हजारो भाग असतात, तुझाच कशाला असेल. तो म्हणाला, "तेच तर, हजारो माणसं असतील माझ्यासारखी."

तो बरोबर बोलला असं मला वाटतं. कारण जाहीर होत नाही तेव्हा संशय कुणा एकावर राहत नाही, तो सगळ्यांवर थोडा थोडा राहतो. जोडकाम करणारा, इंधन ओतणारी, क्ष-किरणाच्या पट्ट्या वाचणारा, प्रत्येक जण घरी जाऊन तोच प्रश्न घेऊन झोपतो. अहवाल आला तर एका जागी दुखेल, पण बाकीच्यांना झोप लागेल. आणि ज्या जागी दुखेल तिथंही, एखाद्या माणसाचं नाव न घेता, पद्धत कुठं कमी पडली हे सांगता येतं. एसएसएलव्हीच्या निवेदनात कुणाचंही नाव नव्हतं.

गोपनीयतेचा मुद्दा मला समजतो आणि तो मी हलका मानत नाही. ईओएस-09 ढगांतून आणि रात्री पाहू शकणारा रडार उपग्रह होता, अन्वेषा संरक्षण संशोधनासाठीचा होता. ते कुठं पाहणार होते, किती बारकाईनं, हे आम्हाला नको आहे. घन इंधनाच्या मोटरा आणि क्षेपणास्त्रं यांचं नातं जवळचं आहे हेही मला माहीत आहे. इंधनाचं प्रमाण, कवचाच्या धाग्यांची वीण, नॉझलच्या अस्तराची कृती यातलं काहीही प्रसिद्ध करू नका. पण उपग्रह गुप्त होता म्हणून त्याला नेणारं यान का पडलं हेही गुप्त, हे पटत नाही. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात याचा विचार झालेला आहे. कलम 8 नं देशाच्या सुरक्षेचं आणि वैज्ञानिक हिताचं राखण केलं आहे, आणि कलम 10 म्हणतं की जेवढा भाग देता येत नाही तेवढा वेगळा काढून उरलेला द्यावा. अहवालातल्या काही ओळींवर काळी पट्टी मारलेली असली तरी मला चालेल. मुलांना सांगेन, इथं देशाचं काही आहे. त्यांना ते कळतं.

जपानचं एच-3 हे नवं यान 7 मार्च 2023 ला पहिल्याच उड्डाणात दुसऱ्या टप्प्याचं इंजिन न पेटल्यानं नष्ट करावं लागलं, सोबतचा मोठा पृथ्वीनिरीक्षण उपग्रहही गेला. तिथल्या संस्थेनं तपासाचा प्रत्येक टप्पा सरकारी समितीपुढं आकृत्यांसह मांडला आणि ते कागद सर्वांना पाहता येतात, अजून नक्की न झालेल्या शक्यतांसकट. 17 फेब्रुवारी 2024 ला तेच यान यशस्वी झालं. आपल्याच देशात विमान अपघाताला हा रिवाज लागू आहे. 12 जून 2025 ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं, आणि महिन्याभरात प्राथमिक अहवाल लोकांसमोर होता. त्यावर वाद झाले, दुःखात असलेल्या घरांना त्यातली काही वाक्यं अपुरी वाटली, पण वाद घालायला समोर एक कागद होता. प्रवासी विमानाच्या बाबतीत जे आपण मानतो ते यानाच्या बाबतीत का मानू नये, विशेषतः माणसांना अंतराळात नेणारं गगनयान इतकं जवळ आलेलं असताना? गगनयानाचं एलव्हीएम-3 वेगळं यान आहे, पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा त्यात नाही, हे मी मुलांना आवर्जून सांगते. पण त्यातही दोन प्रचंड घन मोटरा आहेत, आणि त्या बांधणारी, तपासणारी, सही करणारी माणसं याच संस्थेतली आहेत. कोलंबिया यानाच्या 2003 मधल्या अपघाताचा अहवाल सात महिन्यांत प्रसिद्ध झाला. त्यात इंधनटाकीवरून सुटून पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याइतकाच दोष संस्थेच्या सवयींना दिला होता: आधीही असं झालं होतं आणि काही बिघडलं नव्हतं, म्हणून चालतं, असं मानण्याची सवय. आमच्या कल्पना चावलाच्या मृत्यूतून निघालेला तो धडा आम्ही वाचू शकतो, कारण तो छापला गेला.

पैशाबद्दल थोडंच लिहिते. 2025-26 च्या अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला सुमारे 13,400 कोटी रुपये होते. मला ते जास्त वाटत नाहीत, उलट कमीच वाटतात. शेतमजुराच्या काडीपेटीवरच्या करापासून माझ्या पगारातून कापल्या जाणाऱ्या करापर्यंत सगळ्यांचा पैसा त्यात आहे, आणि या देशात क्वचितच एखाद्या खात्यावर लोकांनी इतक्या आनंदानं पैसा खर्चू दिला असेल. शिवाय आता पीएसएलव्ही एचएएल आणि एल अँड टी या कंपन्या मिळून बांधणार आहेत. लहान लहान कंपन्या, विद्यापीठं आपले उपग्रह त्यावर ठेवणार आहेत. सी62 वर ज्यांचं वर्षानुवर्षांचं काम गेलं त्या तरुण मंडळींना पुढच्या वेळी पुन्हा त्याच यानावर बसायचं आहे. त्यांना विश्वास ठेवायला काहीतरी लेखी द्या.

काय हवं आहे ते साध्या शब्दांत सांगते. सी61 मध्ये कोणत्या भागानं दगा दिला. तो दोष जमिनीवरच्या तपासणीत का सापडला नाही. सी62 आधी काय बदललं होतं, आणि त्या बदलानंतरही तिसऱ्याच टप्प्यात बिघाड झाला तो त्याच कारणानं की वेगळ्या. शक्य झालं तर त्याचा सात-आठ पानांचा सारांश भारतीय भाषांतही काढा. डिप्लोमाची मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेली असतात. इंग्रजी अहवाल मी त्यांना समजावून देते, पण पहिल्यांदा स्वतः वाचण्याचा आनंद त्यात राहत नाही. यापुढच्या प्रत्येक बिघाडाचा सारांश ठरावीक मुदतीत यावा असा नियमच केलात तर कुणाला असं पत्र लिहावं लागणार नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या वर्गात बिघाडाच्या विश्लेषणाचा भाग सुरू होतो. पहिला तास एसएलव्हीच्या झडपेचा, दुसरा हायड्रोजनच्या टाकीचा, तिसरा एसएसएलव्हीच्या सहा संवेदकांचा. चौथ्या तासाला मी फळ्यावर पीएसएलव्हीच्या चार टप्प्यांची आकृती काढणार आहे. तिसऱ्या टप्प्याशेजारी त्या मुलीचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहीन आणि खालची जागा मोकळी ठेवीन. ती दुसऱ्या वर्षाला आहे. अजून सव्वा वर्ष ती आमच्याकडं आहे.

आपली विश्वासू,
यंत्र अभियांत्रिकीची एक शिक्षिका
सांगली जिल्हा, जानेवारी 2026